जेएमएफसी द्यायचीय? मग तयारी शिवाजीनगर कोर्टातून सुरू करा

पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टात दर वर्षी नवीन काळे कोट दिसायला लागले की त्यातले बरेच जण पहिल्या महिन्यातच विचारतात, मॅडम जेएमएफसी द्यायचीय, क्लास कुठला लावू? जेएमएफसी म्हणजे न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग, खालच्या कोर्टात जज व्हायची परीक्षा. मी सगळ्यांना एकच सांगते, क्लासचं नंतर बघू, आधी कुठल्याही एका कोर्ट हॉलमध्ये मागच्या बाकावर बसा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत जज काय करतात ते नीट बघा. ट्रायल कोर्टाचा जज म्हणजे मुळात ऐकणारा माणूस, आणि ते ऐकणं अभ्यासिकेत बसून शिकता येत नाही. इतकी वर्षं ट्रायल साइडला काम करून, आणि आमच्याच बार रूममधून उठून खुर्चीवर गेलेली मुलंमुली बघून माझं हे मत पक्कं झालंय, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक गोंधळ मिटवू. हल्ली रील्स आणि सिरीज बघून खूप मुलांच्या डोक्यात अमेरिकेतला फेडरल जज असतो. तिथे ट्रायल चालवणाऱ्या फेडरल जजला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, परीक्षा वगैरे काही नाही, आणि वागणूक नीट असेल तोवर पद आयुष्यभर, रिटायरमेंटचं वय असं नाहीच. अशी त्यांची ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं आहेत, बऱ्याच ट्रायलला ज्युरी बसते, मदतीला लॉ क्लार्क असतात. आपल्याकडे फेडरल आणि स्टेट अशी दोन वेगळी कोर्टांची उतरंड नाही, ज्युरी नाही, आणि खालच्या पायरीवरची भरती परीक्षेतून होते. तेव्हा तिकडचं बघून इकडचा प्लॅन करू नका.

आपल्याकडची पहिली पायरी म्हणजे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग, एकाच माणसाच्या नावापुढे ही दोन्ही पदं. परीक्षा एमपीएससी घेते, नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते आणि त्यानंतर सगळा कंट्रोल हायकोर्टाचा, घटनेतली २३४ आणि २३५ ही दोन कलमं वाचलीत की हे लगेच कळेल.

आता पात्रतेचं बघू, कारण इथे मोठा बदल झालाय. आधी महाराष्ट्रात चांगले मार्क असलेल्या फ्रेश एलएलबीला थेट बसता यायचं. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या केसमध्ये किमान तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली, २००२ मध्ये जी काढली होती तीच. त्यात धरून ठेवायच्या गोष्टी अशा की प्रॅक्टिस प्रोव्हिजनल एनरोलमेंटच्या, म्हणजे वकील म्हणून तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची, बार एक्झाम पास झाल्यापासून नाही, जजकडे लॉ क्लार्क म्हणून काम केलं असेल तर तेही धरतात, आणि प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट किमान दहा वर्षं झालेल्या वकिलाने द्यायचं आणि त्यावर जिल्ह्याच्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. शिवाय निवड झाल्यावर खुर्चीत बसण्याआधी एक वर्ष ट्रेनिंग. तरीही फॉर्म भरताना त्या वर्षीची जाहिरात शब्द न शब्द वाचाच, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका.

खूप मुलांना ही अट म्हणजे वाया गेलेली तीन वर्षं वाटतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्याने एकदाही उलटतपास घेतला नाही, ज्याने पक्षकाराला तारखेमागून तारीख मिळाल्यावर त्याचा चेहरा पडताना पाहिला नाही, त्याने थेट खुर्चीत बसून स्टे द्यायचा का नाही ते ठरवायचं, हे त्या पक्षकारावर अन्यायाचं आहे. प्रश्न एवढाच की ही तीन वर्षं तुम्ही कशी घालवता.

सिनियर निवडताना मोठं नाव बघू नका, रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी बघा. ज्यांच्याकडे दावे, दरखास्ती (निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज), चेक बाउन्स, जामीन, घरगुती हिंसाचार असं सगळं येतं आणि जे ज्युनियरला उभं राहू देतात असे सिनियर शोधा. पुण्यात पर्याय भरपूर आहेत, शिवाजीनगरला जिल्हा कोर्ट, फॅमिली कोर्ट, शिवाय पिंपरी, खडकी, कॅन्टोन्मेंट. आयएलएस किंवा इथल्या कुठल्याही लॉ कॉलेजचे तुमचे सिनियर कुठे ना कुठे प्रॅक्टिस करत असतातच, त्यांना विचारा. चेंबरमध्ये फक्त ड्राफ्टिंग आणि झेरॉक्स होत असेल तर सहा महिन्यांत चेंबर बदला, वाईट वाटून घेऊ नका. आणि ज्या मॅटरमध्ये तुम्ही हजर राहाल तिथे वकालतनाम्यावर तुमचं नाव घाला, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत हजेरी येते का बघा, तारीख आणि केस नंबर एका डायरीत लिहा, सर्टिफिकेट मागायची वेळ येते तेव्हा हीच डायरी कामाला येते.

मग तालुक्याला जा. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते. पुण्यात कामं वाटलेली असतात, एका कोर्टात नुसते चेक बाउन्स तर दुसरीकडे नुसते दावे, पण सासवड, भोर, जुन्नर, वडगाव मावळ अशा ठिकाणी गेलात तर कनिष्ठ स्तराच्या एकाच जजसमोर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही दिसतं, आणि तुमचं पहिलं पोस्टिंग बहुतेक अशाच गावात होणार आहे. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, वाटपावरून चाललेले दावे तिथे कळतात. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, आणेवारी हे वाचता आलं पाहिजे, पुस्तकात ते फारसं मिळत नाही, तालुका कोर्टातला जुना वकील किंवा गावचा तलाठी ते पंधरा मिनिटांत समजावून देतो.

आता मागच्या बाकावर बसून नेमकं बघायचं काय? दोन गोष्टी सांगते.

पहिली साक्ष. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे, वकील विचारतात की तुम्ही भांडण पाहिलं का, तो नुसती मान हलवतो. रेकॉर्डवर मान हलवणं येत नाही. जज थांबवतात, म्हणतात तोंडाने सांगा, हो का नाही. मग तो जे बोलतो ते जज स्टेनोला किंवा टायपिस्टला सलग वाक्यात सांगतात, "मी त्या दिवशी संध्याकाळी घरी होतो, आवाज आला म्हणून बाहेर आलो." साक्षीदाराने "आवाज आला वाटतं" असं म्हटलं आणि रेकॉर्डवर नुसतं "आवाज आला" असं गेलं तर दहा वर्षांनी अपिलात तो "वाटतं" कोणालाच दिसणार नाही. चांगला जज तो शब्द सोडत नाही. तुम्ही हातात वही घ्या, साक्षीदार बोलतोय ते स्वतः मनात डिक्टेट करून लिहा आणि मग जजनी काय डिक्टेट केलं त्याच्याशी ताडून बघा. महिनाभर केलंत तरी फरक पडतो. खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, साक्षी मराठीतच होतात, तेव्हा इंग्लिश मीडियमच्या मुलांनी हे नक्की करा, नाहीतर मावळातल्या आजोबांची साक्ष घेताना अर्धी भाषा डोक्यावरून जाते.

दुसरी गोष्ट रिमांड, म्हणजे अटक केलेल्या आरोपीला कोठडीत ठेवायचं का ते ठरवणं. दुपारी पोलीस आरोपीला घेऊन येतात, हातात रिमांड रिपोर्ट आणि केस डायरी. वरवर बघितलं तर दोन मिनिटांचं काम, पण मॅजिस्ट्रेटच्या हातातलं सगळ्यात मोठं काम कुठलं असेल तर हेच. नीट काम करणारे मॅजिस्ट्रेट आधी अटकेची वेळ बघतात, चोवीस तासांच्या आत आणलंय का, मेडिकल झालंय का, घरच्यांना कळवलंय का, आणि मग आरोपीकडे बघून थेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, मारहाण झाली का. हा प्रश्न विचारताना ते पोलिसांना जरा लांब उभं करतात का ते बघा. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय की अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत, आणि लगेच देता आली नाहीत तर रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. अर्नेश कुमारचा २०१४ चा निकाल तर तोंडपाठ हवा, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, आधी नोटीस का दिली नाही हे पोलिसांनी सांगायचं आणि मॅजिस्ट्रेटने तपासायचं. यातलं मॅजिस्ट्रेटने काहीच बघितलं नाही तर एखादा मुलगा विनाकारण येरवड्यात जाऊन बसतो आणि त्याची नोकरी जाते, ती कुठल्याही अपिलात परत मिळत नाही.

आता परीक्षा. पूर्व परीक्षा १०० मार्कांची, पर्यायी प्रश्न, तिचे मार्क पुढे धरत नाहीत, ती फक्त चाळणी. मुख्य परीक्षेला १०० चे दोन पेपर, एक दिवाणी कायद्यांचा, दुसरा फौजदारी आणि निबंधाचा, आणि शेवटी ५० मार्कांची मुलाखत. पूर्वसाठी बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, हाच एकमेव देव, गाईड बाजूला ठेवा. अप्पा बळवंत चौकात मिळणारं साधं बेअर ॲक्ट घ्या, मोठ्या समासाचं मिळालं तर बरं, आणि रोज चेंबरमध्ये जे मॅटर होईल त्याचं कलम त्याच संध्याकाळी त्यात वाचा, समासात केसचं नाव लिहा. असं वाचलेलं कलम विसरत नाही. दिवाणीत सीपीसीचा (दिवाणी प्रक्रिया संहितेचा) ऑर्डर २१, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा भाग, सगळे टाळतात कारण तो लांबलचक आहे, पण दावा जिंकूनही ताबा मिळत नाही ही पक्षकारांची खरी रड आहे ती तिथेच, आणि खुर्चीत बसल्यावर दरखास्ती तुमची वाटच बघत असतात.

फौजदारीत दुहेरी काम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (आयपीसीच्या जागी), नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी) आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला आयपीसीच लागतो, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं कोर्टात दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालणार. ४२० आता ३१८, ३०२ आता १०३, सीआरपीसी १६७ आता १८७, असा तक्ता स्वतःच्या हाताने करा, विकतचा नको. नुसते नंबर बदललेत असंही समजू नका. प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटला तीन वर्षांपर्यंत कैद देता येते ते तसंच आहे पण दंडाची मर्यादा दहा हजारावरून पन्नास हजार झाली आणि कम्युनिटी सर्व्हिस ही नवीन शिक्षा आली. पोलीस कोठडीचे पंधरा दिवसही आता सलग सुरुवातीलाच घ्यायला हवेत असं राहिलं नाही, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात, आणि हे मॅजिस्ट्रेट म्हणून तुम्हाला दर आठवड्याला लागणार आहे.

मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, मुलं कुठे मार खातात तर लिहिण्यात. कायदा येतो पण कारण लिहिता येत नाही. यावर माझा उपाय असा की ई-कोर्ट्सच्या साइटवर पुण्यातल्या कोर्टांचे ऑर्डर्स फुकट वाचायला मिळतात, त्यातला निशाणी ५ वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा एखादा आदेश घ्या. आधी फक्त दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचा, पुढचं झाका. मग स्वतः मुद्दे काढा: सकृतदर्शनी केस आहे का, मनाई दिली नाही तर भरून न येणारं नुकसान होईल का, सोय-गैरसोयीचं पारडं कुणाकडे झुकतं. प्रत्येक मुद्द्यावर होय किंवा नाही लिहा आणि समोर कारण लिहा, हाताने, घड्याळ लावून. मग जजनी काय लिहिलंय ते उघडा. निकाल वेगळा आला तर घाबरू नका, तुमचं कारण टिकतं का ते बघा. सीपीसीचा ऑर्डर २० नियम ४ आणि बीएनएसएसचं कलम ३९३ हेच सांगतात, मुद्दे, निर्णय आणि त्याची कारणं. हरलेल्या माणसाने निकाल वाचला तर आपलं म्हणणं ऐकलं गेलं होतं एवढं तरी त्याला कळलं पाहिजे, हा माझा स्वतःचा निकष आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरचं लिखाण मी त्यावरच तपासते. वाक्यं छोटी ठेवा. मोठमोठे सायटेशन कोंबून पान भरू नका.

मुलाखतीवर फार लिहिण्यासारखं नाही. तुम्ही चालवलेल्या मॅटरवर विचारतात, तेव्हा खरं सांगा, जेवढं केलं तेवढंच. येत नसेल तर येत नाही म्हणा.

निवड झाली की मेडिकल, पोलीस व्हेरिफिकेशन, मग नेमणुकीची वाट, यात बरेच महिने जातात, तोपर्यंत प्रॅक्टिस सोडू नका. मग भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमीत ट्रेनिंग. सुरुवातीचं मूळ वेतन दुसऱ्या न्यायिक वेतन आयोगाप्रमाणे ७७,८४० रुपये, वर भत्ते, शिवाय क्वार्टर किंवा घरभाडं. पैशाची ओढाताण होत नाही पण मोठ्या वकिलीसारखा पैसाही नाही, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

घरच्यांशी आणखी एक गोष्ट बोला, आणि ही मनापासून सांगते. जज झालात की माणसं कमी होतात. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर कॅन्टीनला चहा घेतला त्या वकिलांबरोबर बसता येत नाही, लग्नाला जाताना यजमानाची केस आपल्याकडे नाही ना हे आठवावं लागतं, कॉलेजच्या ग्रुपवर राजकारण सुरू झालं की गप्प बसावं लागतं, मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं. साधारण तीन वर्षांनी बदली, उन्हाळ्यात सामान बांधायचं, मुलांची शाळा बदलायची, नवराबायको दोघंही नोकरीत असतील तर एकजण कायम बसमध्ये. बाईला तर पहिल्या दिवसापासून लहान गावात एकटीने क्वार्टरवर राहायची तयारी ठेवावी लागते. तरीही मुली मोठ्या संख्येने येतायत आणि फार चांगलं काम करतायत, मला त्याचा खूप अभिमान वाटतो.

कामाचा भार पण खरा आहे. देशभरात खालच्या कोर्टांत चार कोटींच्या वर केसेस पडून आहेत. सकाळी बोर्डवर पाऊणशे-शंभर मॅटर असतात, पुकारा, से (समोरच्या बाजूचं लेखी म्हणणं), तारीख, मधेच साक्ष, मधेच रिमांड, संध्याकाळी चेंबरमध्ये डिक्टेशन, रात्री घरी निकाल लिहायचे, सुट्टीच्या दिवशी रिमांड ड्युटी. शिवाय डिस्पोजलचे युनिट्स, म्हणजे निकाली काढलेल्या केसेसचे गुण मोजले जातात, त्यावर गोपनीय अहवाल लिहिला जातो. युनिट्सच्या मागे लागून सोप्या केसेस उरकायच्या आणि जुना गुंतागुंतीचा दावा मागे सारायचा हा मोह होतो, त्यापासून सांभाळा, कारण तो जुना दावा ज्याचा असतो तो म्हातारा होत चाललेला असतो.

पुढची वाट थोडक्यात अशी, कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश, निवृत्ती साठाव्या वर्षी. मे २०२५ च्याच निकालाने सेवेतल्या जजसाठीच्या मर्यादित विभागीय परीक्षेतून जिल्हा न्यायाधीशपदावर जायचा कोटा परत पंचवीस टक्के झाला, म्हणजे अभ्यास चालू ठेवणाऱ्याला वाट मोकळी आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच जजच्या घटनापीठाने ठरवलं की वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं झाली असतील तर सेवेतल्या जजलाही जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला बसता येतं, वय किमान पस्तीस हवं. हायकोर्टापर्यंत पोचणारे थोडे, पण पोचतात. न्यायमूर्ती रानडे आधी पुण्यात दुय्यम न्यायाधीश होते, स्मॉल कॉज कोर्टातही बसले आणि १८९३ ला मुंबई हायकोर्टात गेले. तरी वर जायचं म्हणून खालची खुर्ची घेऊ नका, बहुतेक लोकांना आयुष्यात फक्त हेच कोर्ट दिसतं.

जेएमएफसी नाही निघाली तर सरकारी वकिलाची, एपीपीची परीक्षा आहे, तीही एमपीएससीच घेते आणि तयारी बरीचशी तीच. प्रॅक्टिस सात वर्षांची झाली की वकिलांतून थेट जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा आहेच.

आणि निघाली तर, चार्ज घेतल्यावर पहिल्या आठवड्यात शिरस्तेदारांकडून (कोर्टाच्या कार्यालयीन प्रमुखाकडून) दोन याद्या मागवा. एक सगळ्यात जुन्या प्रकरणांची, त्यात कोण पक्षकार वयस्कर आहे ते बघून त्यांच्या तारखा जवळच्या लावा. दुसरी कच्च्या कैद्यांची, जामीन मंजूर होऊनही हमीदार मिळत नाही म्हणून आत बसलेल्यांची. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की सात दिवसांत सुटला नाही तर जेलने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात हमीदार आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करू शकतं. तुमच्या यादीत असं एक जरी नाव निघालं तरी त्याच दिवशी फाइल टेबलावर घ्या, वकिलाचा अर्ज येईपर्यंत थांबू नका.